पंचविसावा पेला

समारंभाच्या हॉलमध्ये पेयांचं टेबल सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे मापकाका म्हणत. बाटली नुसती उजेडात धरली की तिचे किती पेले होतील ते सांगायचे, आणि तेवढेच व्हायचे. हॉलच्या मालकाने एकदा पैज लावली आणि तो सगळ्यांदेखत तोंडावर आपटला.

बायको गेली तेव्हा तिने केलेल्या संत्र्याच्या पाकाची एकच बाटली फ्रिजमध्ये उरली होती. सरबताचे पंचवीस पेले. काकांनी लगेच हिशेब केला, कारण दुसरं काही करायला सुचलंच नाही. दर रविवारी एक. रडायचं ते शेवटच्या पेल्याला, तोवर नाही, हेही ठरवून टाकलं. माणूस हट्टी. डोळ्यांतून टिपूस गाळला नाही. नातेवाईक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. म्हणोत बापडे.

पंचविसाव्या रविवारी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, घडीचा रुमाल जवळ ठेवला आणि पाक ओतला. बाटलीत अजून चार पेल्यांचा ऐवज शिल्लक!

उभ्या आयुष्यात हात असा चुकला नव्हता. अर्ध्यानंतर संपत चाललेली बाटली उजेडात धरवेना, म्हणून ते नुसते रविवार मोजत होते. मध्यंतरी सरबत जास्त गोड लागायला लागलं, तेव्हाही त्यांनी आपल्याच जिभेला दोष दिला होता. ते बाटली फिरवून फिरवून बघत राहिले. दारात उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा पडला.

"बाबा, तुमचा हात नाही चुकला," ती म्हणाली. "बाटली अर्धी झाली तेव्हापासून मी त्यात दुकानातला पाक घालतेय. थोडा थोडा. तुम्ही ती उजेडात धरून बघायचात ना, ते मला बघवत नव्हतं. म्हटलं, संपूच नये."

काकांनी बाटली खाली ठेवली. रागवावं, तर पोरीने मायेपोटीच केलेलं. त्यांनी पेला उजेडात धरला. यात बायकोच्या हातचं किती आणि दुकानातलं किती? काही केल्या सांगता येईना. निव्वळ तिच्या हातचा शेवटचा पेला कुठल्यातरी रविवारी, पेपर चाळता चाळता, पिऊन झाला होता.

"चुकलं का हो माझं?"

"नाही गं पोरी." त्यांनी रुमाल घडी न मोडता खिशात ठेवला. "पण मग आता मी रडायचं कधी?"