अर्धवट सारवलेली फळी

सारिकानं आजवर लोकांना हवं तेच काढलं होतं. शाळेच्या भिंतीवर मोर, सरपंचाच्या दारात बैलजोडी आणि लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना डोक्यावर मोळी घेतलेल्या हसऱ्या बाया. बाई मोळीखाली हसली पाहिजे, तरच ह्यांच्या हॉलला शोभते. तिला वीट आला. तिनं प्लायच्या फळीवर कशाचंच नसलेलं पहिलं चित्र केलं. तांबडी माती, भाताच्या तुसाची राख, गेरू आणि डिंक. लोणावळ्याच्या प्रदर्शनात फोटोवरून ते निवडलं गेलं. आज संध्याकाळी प्रदर्शन उघडायच्या आत पोचवायचं होतं.

उद्या घट बसणार म्हणून इंदुरी गावातल्या तिच्या घरात सारवण चाललं होतं. सारिका नवऱ्याला, कैलासला, टेम्पो घेऊन ये म्हणून सांगायला गेली. त्याच्याबरोबर टेम्पोतनं परत येऊन बघते तर सासू झुंबरबाई पडवीत हात धुतेय आणि भिंतीला टेकवलेली फळी शेणानं गुळगुळीत सारवलेली.

"आत्या, ह्ये काय केलं?"

"अर्धवट टाकून गेलतीस. म्या पुरं केलं."

"चित्र व्हतं ते."

"कशाचं?"

"कशाचंच न्हाई."

"मग बिघडलं काय?"

कैलास हसला. सारिकानं नुसतं बघितलं, तसा तो टेम्पोत जाऊन बसला.

ती ओल्या फडक्यानं पुसू लागली. खालची माती डिंकानं धरून ठेवली होती. कुठं शेण निघालं, कुठं हटेना. ती मागं सरली; शेणातनं डोकावणारी माती तिला आधीपेक्षा आवडली.

"आत्या, ह्या कोपऱ्यात परत हात फिरवा. बोटं उठू द्या."

"बोटं उठली की माझी सासू खराटा फेकून मारायची."

"ती काय आता येत न्हाई."

झुंबरबाईनं तरी एकदा दाराकडं बघून घेतलं. मग पाची बोटं दाबून ओढली.

संध्याकाळी फळी धरून झुंबरबाईही टेम्पोतनं लोणावळ्याला आली. प्रदर्शन भरवणाऱ्या शुभदानं नाकाला रुमाल लावला. "हे ओलं आहे. आणि निवडलं तेव्हा असं नव्हतं."

"आता जास्त चांगलं झालंय. नको असेल तर नेते परत."

शुभदा वाकली. त्या कोपऱ्याशी बराच वेळ थांबली. रुमाल कधी खाली आला, तिलाच कळलं नाही. "राहू दे. पण टांगू नका, खाली टेकवून ठेवा."

झुंबरबाई लगेच शेजारी मांडी घालून बसली. लोक आत येऊ लागले.

"चपला काढा," ती म्हणाली. "ओलं हाय."

आणि बंगलेवाले एकमेकांचा खांदा धरून बूट काढू लागले.