दाजींच्या खिशातलं ज्येष्ठमध

क्रेन चालवणाऱ्याला खालचं दिसत नसेल, तर खालच्या माणसानं तोंड बंद करायचं नसतं. हा आमच्या कामाचा पहिला नियम. "खाली, खाली, हळू, अजून हातभर," असं वॉकीटॉकीवर बोलत राहायचं. आवाज थांबला की वरच्यानं भार आहे तिथंच थांबवायचा, कारण आवाज का थांबला हे त्याला कळायला मार्ग नसतो. लहानपणी घरात माझ्या तोंडाच्या टकळीला सगळे वैतागायचे. शेवटी त्याच टकळीवर पोट भरलं. वर केबिनमध्ये माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आणि खाली मी. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी सळ्यांचा भारा इमारतीच्या मागच्या अंगाला उतरत होता. खाली दोन फिटर उभे होते. मी म्हणालो, "थांबा." भारा थांबला नाही.

"दाजी, थांबा! थांबा म्हणतो ना!"

भारा आणखी पुरुषभर खाली आला, रचलेल्या फळ्यांवर आदळला आणि तिरका लटकत राहिला. फिटर वेळेवर उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले. मी दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार होतो, त्या पिढ्यांत माझ्या भाच्याही येतात हे विसरून. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"मेव्हणे, हात ऐकत नाहीये. पायांत तर जीवच नाही."

हा माणूस बोटावर हातोडा पडला तरी "लागलं थोडं" म्हणणारा. मी फिटरना लांब पिटाळलं आणि बोलायला लागलो. "दुसरा हात लावा. खाली, खाली, हळू. टेकतोय. टेकला. आता सोडा सगळं." भारा जमिनीला लागला. मग दोर आणि पट्टे घेऊन दोघं वर चढले. त्यांनी दाजींना बांधून खाली उतरवेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि चाळीस मिनिटं मी वॉकीटॉकीवर तोंडाला येईल ते बोलत होतो. लग्नात त्यांचा बूट मीच लपवला होता, तेसुद्धा कबूल केलं. "माहीत होतं," एवढंच वरून आलं, आणि तेही फार हळू.

अँब्युलन्समध्ये त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक कांडी खाली पडली. टोकाला चावून चावून कुंचल्यासारखी झालेली, पिवळट. ज्येष्ठमध. ती मी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

ते मीच आणून दिलं होतं. तीन महिन्यांपूर्वी दाजींनी सिगारेट सोडली. तोंडाला चाळा हवा म्हणून मी जडीबुटीच्या दुकानात गेलो. आई आमचा घसा बसला की ज्येष्ठमधच द्यायची. तोंड आलं, खोकला झाला, पित्त झालं, सगळ्यावर तेच. दुकानातली म्हातारी बाई पुडी बांधता बांधता म्हणाली, "दिवसाला एखादा तुकडा, तोही आठ-पंधरा दिवस. पुढे नाही. अति तिथे माती. आणि रक्तदाब आहे का त्यांना?"

"छे! आमचा माणूस घोडा आहे घोडा," मी म्हणालो.

माहीत होतं मला. दीड वर्षापासून दाजी रक्तदाबाची गोळी घेत होते, ती लघवी जास्त होणारी. पण ते तिघांतलं गुपित होतं: दाजी, ताई आणि मी. परवान्याच्या तपासणीत रक्तदाब निघाला तर केबिन जाते. म्हणून तपासणीच्या आधी ते चार दिवस मिठाला शिवत नसत, आणि गोळ्यांची पट्टी ताईच्या शिवणाच्या डब्यात असे. म्हातारीनं विचारलं तेव्हा सवयीनं खोटं तोंडातून निघून गेलं. बरं, ती फार चौकशा करते म्हणून पुढच्या खेपेपासून मी दुसऱ्याच दुकानातून आणायला लागलो. तिथं कुणी काही विचारत नसे. दाजी दिवसाला पाच-सहा कांड्या फस्त करायचे. पाय सुजले, बूट चढेनात, पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. मी म्हणायचो, "दाजी, वय झालं."

हॉस्पिटलच्या अपघात विभागात पडदा ओढलेल्या एका खाटेवर त्यांना घेतलं. छातीला वायरी लावल्या. मॉनिटरवरची ठोक्यांची रेघ मध्येच अडखळायची. ताई धावत आली. आणि तिच्या मागोमाग आमच्या साइटचा सेफ्टी ऑफिसर. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. तो वही उघडून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "रक्तदाब फारच वर आहे. पायांवर सूजही आहे. घरी काही औषध चालू आहे?"

ताईनं शिट्टीकडे पाहिलं. "नाही हो. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बसा. अकरा वर्षांत मला पहिल्यांदाच त्यांनी गप्प बसायला सांगितलं असेल.

डॉक्टरबाई नर्सला म्हणाल्या, "पाणी उतरायचं इंजेक्शन काढा. लघवी झाली की सूजही उतरेल, दाबही."

नर्सनं सुई भरली. माझ्या मुठीतली कांडी घामानं ओली झाली होती. मी बोललो तर केबिन जाणार, मुलींच्या कॉलेजचं काय होणार, ताई मला जन्मात माफ करणार नाही. आणि गप्प बसलो तर? इथं माझा आवाज थांबला म्हणून कुणी काही थांबवणार नव्हतं. सुई दंडापर्यंत आली.

"थांबा!" मी ओरडलो. साइटवर ओरडतो तसाच. "ताई खोटं बोलतेय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, लघवीची, दीड वर्ष. आणि हे." मी मूठ उघडली. "ज्येष्ठमध. रोज पाच-सहा कांड्या, तीन महिने. मीच आणून देतो."

डॉक्टरबाईंनी नर्सचा हात धरला. "इंजेक्शन ठेव खाली. रक्तातलं पोटॅशियम बघा, आत्ताच्या आत्ता." मग माझ्याकडे न बघता, रेघेवर नजर ठेवून त्या बोलत राहिल्या. "ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. यांची गोळीही तेच घालवते. स्नायू त्याच्यावर चालतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. हे इंजेक्शन गेलं असतं तर होतं नव्हतं तेही गेलं असतं."

दहा मिनिटांनी आकडा आला. तो बघून त्यांनी खुर्ची ओढून खाटेशीच घेतली आणि तिथंच बसून राहिल्या. थेंबाथेंबानं पोटॅशियमचं सलाईन सुरू झालं. शिट्टीनं वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि तो निघून गेला. ताई माझ्याकडे पाठ करून खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

चौथ्या दिवशी दाजी वॉर्डात उठून बसले. मूठ उघडायची, मिटायची, असा त्यांचा उद्योग चालला होता. मी स्टुलावर बसलो.

"केबिन गेली ना?" त्यांनी विचारलं.

"गेली. परवाना काढून घेतला."

त्यांनी मूठ मिटली. मला वाटलं, उठावं आणि जावं. पण अजून एक गोष्ट माझ्या घशात अडकली होती, आणि ती कुठल्याही ज्येष्ठमधानं सुटणारी नव्हती.

"दाजी, त्या पहिल्या दुकानातल्या बाईनं मला विचारलं होतं, रक्तदाब आहे का म्हणून. मी नाही म्हणालो. मग ती पुन्हा विचारेल म्हणून मी तिच्याकडे जायचंच सोडलं."

दाजींची मूठ मिटलेली राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझी टकळी बंद पडली.

शेवटी दाजी म्हणाले, "मेव्हणे, लाइन तुटली का?"

"नाही, दाजी. आहे."

"मग बोलत राहा," ते म्हणाले. "मला इथून काही दिसत नाहीये."