मिलच्या भिंतीलगतचं दुकान

परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या मिलच्या भिंतीला लागून मालोजी खाटिकांचं मटणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे दोन खोल्या आणि मागे बकऱ्यांचा बाडा. बाड्याची मागची भिंत मिलचीच, आणि तिचा वरचा भाग एका जागी ढासळलेला. मिल चालू होती तेव्हा पाळी सुटली की दुकानासमोर कामगारांची गर्दी व्हायची. आता भोंगा वाजत नव्हता. कामगार कुणी पोलोग्राउंडच्या छोट्या कारखान्यांत किरकोळ कामाला लागले, कुणी गावी परतले, कुणी दिवसभर ओट्यावर बसून राहिले. मिलच्या आवारात माणूस बुडेल एवढं गवत माजलं.

मालोजींचा मुलगा किसनही मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. नोकरी गेल्यावर तो सांवेरकडच्या खेड्यांतून बकरे आणू लागला आणि त्याची बायको सुनंदा दुकानात सासऱ्यांच्या मदतीला उभी राहिली. मालोजी सत्तूर चालवायचे, ती समोरून तंगडी धरायची. म्हाताऱ्याचा घाव कधी चुकत नसे, अशी मोहल्ल्यात ख्याती होती.

दिवाळीनंतर बाड्यातला एक बकरा नाहीसा झाला. दोरी तुटलेली, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे.

"कुणी उडी मारून नेला असेल," किसन म्हणाला. "भूखे मर रहे हैं लोग. काय करतील?"

"चोर बकरा भिंतीवर घासत नेत नाही," मालोजी म्हणाले.

शेजारचे प्रतापराव पूर्वी मिलच्या गेटवर चौकीदार होते. ते म्हणाले, आत बॉयलरजवळ एक माणूस जळून मेला होता, तोच फिरतो. सुनंदाने हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून चारा टाकायला बाड्यात गेली की ती मागचं दार सताड उघडं ठेवायची. काही दिवसांनी दुसरा बकरा गेला. आणि मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मिलच्या आवारात कुत्र्यांची टोळी होती, दिवसभर भुंकून डोकं उठवायची. ती भुंकत नव्हती. एकही कुत्रं दिसत नव्हतं. हे तिने किसनला सांगितलं, तर तो म्हणाला, "चांगलंय की." तिला मात्र त्या शांततेची जास्त भीती वाटू लागली.

त्या दिवशी किसन सकाळीच सांवेरच्या बसने गेला होता, मुलं शाळेत होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मालोजी चाऱ्याची पेंढी घेऊन बाड्यात गेले. सुनंदा दुकानात मटण तोडायचा ठोकळा घासत होती. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. चारा पडला की बकऱ्या ओरडून घर डोक्यावर घेतात. आज आवाज नव्हता.

ती मधल्या खोलीतून बाड्याच्या दारापाशी गेली.

सगळ्या बकऱ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून उभ्या होत्या. मालोजी मधोमध, तिच्याकडे पाठ करून. आणि त्यांच्या समोर, पत्र्याखालच्या कडब्याच्या गंजीवर, तेंदुआ बसला होता. पिवळा बिबट्या, अंगभर काळे ठिपके, एक कान फाटलेला. पुढचे पंजे गंजीच्या कडेवर होते आणि डोळे मालोजींवर.

सुनंदाने चौकट धरली.

"कोण, सूनबाई का?" मालोजी न वळताच म्हणाले. "बकऱ्या का दबल्या गं? कुत्रं शिरलंय वाटतं. घाण वास येतोय."

तेंदुआ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. भर दुपारचं ऊन होतं. आणि त्यांना तो दिसत नव्हता.

"मामंजी," तिने आवाज कसाबसा सरळ ठेवला, "पुढे वकीलसाहेब आलेत. तुमच्याच हातचं पाहिजे म्हणतात. चला."

"थांब म्हणावं. आधी याला हाकलतो." त्यांनी कोपऱ्यातली काठी चाचपून उचलली आणि गंजीत खुपसली. "हट्! निघ बाहेर!"

तेंदुआच्या घशातून घरघर निघाली. कान मागे गेले.

"बघ, गुरगुरतंय मेलं," मालोजी म्हणाले आणि त्यांनी काठी पुन्हा उचलली.

ओरडावं, तर तो झेप घेईल. पळावं, तर म्हातारा मरेल. सुनंदाने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. नजर तिने त्या डोळ्यांवरून हलवली नाही. पाय कुठे पडतोय हे तिला कळत नव्हतं. ती मालोजींपर्यंत पोचली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"मामंजी, काठी खाली ठेवा. एकदम हळू."

"अगं पण..."

"तुम्हाला माझ्या पोरांची शपथ."

तिची पकड घट्ट झाली. ते त्यांना जाणवलं असावं. काठी ठेवून त्यांनी तिचा हात धरला. ती मागे मागे सरकू लागली. त्याच क्षणी तेंदुआने गंजीवरून उडी टाकली. तो मालोजींच्या पायांना घासून गेला आणि कोपऱ्यातल्या बकऱ्यांवर पडला. एकच किंकाळी उठली. सुनंदाने सासऱ्यांना अक्षरशः ओढत खोलीत फेकलं, दार लोटलं आणि कडी घातली.

लगेच दारावर धडक बसली. फळ्या वाजल्या, कडीचा एक खिळा निघाला. तिने पाठ लावून दार दाबलं. पलीकडून नखांचा खरखराट तिच्या पाठीच्या कण्यापर्यंत येत होता.

"कुत्रं एवढं...?" मालोजी जमिनीवर बसून म्हणाले.

"मामंजी, तेंदुआ आहे तो!"

"काहीतरीच. मला दिसला असता."

दारापलीकडचा आवाज थांबला आणि हाड मोडल्याचा आवाज येऊ लागला. तेव्हा सुनंदाला दुसरीच गोष्ट उमगली. रोज सकाळी ती या माणसासमोर तंगडी धरून उभी राहत होती. सत्तूर तिच्या बोटांच्या शेजारी पडत होता. ज्या हाताचं सगळे कौतुक करत, तो नुसत्या अंदाजाने चालत होता.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

मालोजींनी मान खाली घातली. "मिल बंद पडली तेव्हापासून कमी कमीच होत गेलं. किसनची नोकरी गेलेली. मी पण बसलो असतो तर दुकान कुणी बघायचं?"

बकऱ्यांचा आरडाओरडा ऐकून प्रतापराव धावत आले. "क्या हुआ भाभी?" असं विचारत दुकानासमोर गर्दी झाली, पोरं पत्र्यांवर चढली. प्रतापरावांनी सगळ्यांना शिव्या घालून खाली उतरवलं आणि एसटीडी बूथवरून फोन लावला. वन विभागाची गाडी आली तोवर तेंदुआ ढासळलेल्या भिंतीवरून मिलमध्ये निघून गेला होता. किसन सांवेरहून परतला तेव्हा सुनंदा अजून दाराला पाठ लावूनच बसली होती. त्याने तिला उठवायला हात दिला, तर तो हात तिने कितीतरी वेळ सोडला नाही.

पुढचे दिवस मोहल्ल्याने दारं लावून काढले. मुलांना शाळेत पोचवायला बाप्ये काठ्या घेऊन जायचे. मिलमध्ये पिंजरा लावला गेला आणि शेवटी विणाई खात्यात, गंजलेल्या साच्यांच्या मधे, तेंदुआ सापडला. मादी होती. तिला गाडीत घालून चोरलच्या जंगलात नेलं. किसनने भिंत बांधून घेतली.

सत्तूर सुनंदाने घेतला. बाईच्या हातचं घ्यायचं की नाही, म्हणून काही गिऱ्हाइकं आधी घुटमळली, मग घेऊ लागली. पहिल्या दिवशी तंगडी किसनने धरली होती, आणि तिने घाव घालण्याआधी त्याला तीनतीनदा हात मागे घ्यायला लावला.

मालोजी पुढच्या बाकावर बसू लागले. तेंदुआला नेल्यानंतरच्या एका संध्याकाळी त्यांनी सुनंदाला जवळ बोलावलं.

"कसा होता गं तो? नीट सांग."

तिने सांगितलं. रंग, ठिपके, फाटलेला कान, गंजीच्या कडेवरचे पंजे आणि तो त्यांच्या किती जवळ होता ते.

मालोजी ऐकत राहिले. मग त्यांनी पुढे वाकून आपली पोटरी चाचपली.

"तू माझा हात धरला होतास तेव्हा पायाला काहीतरी लागलं होतं माझ्या," ते म्हणाले. "मऊ होतं. मला वाटलं, बकरीच आहे. दुसऱ्या हाताने मी थोपटलं त्याला."

सुनंदाने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दिवेलागण होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.