फुंकरबाबांची उतरती फळी

फुंकरबाबांच्या दारात बायकांची एवढी गर्दी, की चपलांवर चपला चढायच्या. आत पडदा, पडद्याआड एक लांब फळी. बाई पाय ओढत आत जायची आणि फळीवर बराच वेळ पडून राहायची. बाबा तिच्या डोक्याशी उभे राहून फुंकर मारायचे आणि गरजायचे, "आलेलं गेलं! गेलेलं राहिलं! राहिलेलं विसरलं!" बाई बाहेर यायची ती हलकी होऊन. "खरंच गेलं हो," म्हणायची. काय गेलं ते एकही सांगायची नाही, आणि आम्हीही कोणी विचारायचो नाही. चमत्काराला हे फार सोयीचं पडतं.

आमच्या घराचा धंदा धुलाईचा. खाली हौद, भट्टी, इस्त्रीची लांब टेबलं. वर राहायच्या खोल्या. साबणाच्या वाफेचा तो वास आता कुठंच येत नाही, पण मला अजून झोपेत येतो. दवाखान्यांच्या, खानावळींच्या चादरी ढिगानं यायच्या. भिजलेल्या चादरींचा पिळा म्हणजे मेलेलं जनावर; दोघींनी उचलला तरी कंबर बोलायची. माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि बाळ मान धरायच्या आत हौदावर परत आली. काम कोणासाठी थांबतंय?

दिवस कलला की ती मधेच ताठ व्हायची. हातातला पिळा सोडून भिंतीला पाठ लावायची आणि गुडघे आवळून खाली बसायची. एकदा सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, होतंय तरी काय?"

बाजूला पुरुषमाणसं गठ्ठे बांधत होती. ती खालमानेनं पुटपुटली, "अंग... येतंय."

इस्त्रीवाल्या मावशींना ऐकू आलं, "अंगात येतंय." झालं! "तरीच म्हटलं, डोळे असे थिजल्यासारखे का दिसतात हिचे!" भट्टीपासून दारापर्यंत बातमी पोचायला चादर निथळायचाही वेळ लागला नाही.

सासूबाईंनी त्याच दिवशी बाळ उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. "अंगात येणारीजवळ लेकरू नको. बाबा उतरवतील, मग घे." पाजायला तेवढं द्यायच्या, तेही समोर बसून. धाकटी भांडली नाही, रडलीही नाही. तेवढं तरी करायला हवं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "काही वाटतच नाही हो ताई. पिळून टाकल्यासारखी झालेय. कोणी वाळत घातलं तरी चालेल."

तिला बाबांकडे नेलं, तेव्हा मीही पडद्याआड गेले. फळीची पायाकडची बाजू विटांवर चढवलेली होती.

"फळी अशी उतरती का हो, बाबा?"

"शक्ती डोक्याकडे वाहते, बाई!"

"पाणीसुद्धा तसंच वाहतं," मी म्हटलं.

बाबांनी मला बाहेर काढलं. धाकटी उठून आली, "गेलं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी हौदावर पुन्हा खाली बसली. बाबांचा निरोप आला, "श्रद्धा सैल आहे." सासूबाई म्हणाल्या, "मग पुन्हा जा." ती पुन्हा गेली, पुन्हा जाऊन आली. दर वेळी जायचं, दर वेळी परत यायचं, आणि बाळ त्याच खोलीत.

एका दुपारी सगळे जेवायला वर गेले होते. मी तिला इस्त्रीच्या टेबलावर निजवलं, पायांखाली दोन गठ्ठे सरकवले. कोणी फुंकलं नाही, कोणी ओरडलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "आता?"

"गेलं," ती छताकडे बघत म्हणाली.

"काय गेलं गं? मला तरी सांग."

मग तिनं सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. "खालून काहीतरी येतं, ताई. गोळ्यासारखं. हाताला लागतं. दिवसभर उभं राहिलं की जड होतं. खोकले की लघवी सुटते. मला वाटलं, सगळ्यांनाच होत असेल."

मी तिला दवाखान्यात घेऊन निघाले. सासूबाई बाळ कडेवर घेऊन मागोमाग आल्याच. डॉक्टरीणबाईंनी आधी निजवून तपासलं, मग उभं करून खोकायला लावलं. हात धुतले आणि म्हणाल्या, "आजी, हिच्या अंगात काही आलेलं नाही. हिचं अंग बाहेर आलंय."

"म्हणजे?"

"बाळंतपणात खालचे स्नायू ताणून सैल पडतात. त्यावर ओझी उचलली, की गर्भपिशवी खाली सरकते. आडवं झालं की बहुतेकदा आपोआप वर जाते. पाय उंच असले तर आणखी लवकर."

"मग बाबांची फुंकर?"

"वारा! फळी उलटी करा म्हणावं. डोकं वर, पाय खाली. मग फुंका."

खालचे स्नायू आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम त्यांनी धाकटीला शिकवला. ओझं बंद, शौचाला कुंथणं बंद. एवढ्यानं भागलं नाही तर आत बसवायची रिंग असते, त्याच्याही पुढे ऑपरेशन असतं, म्हणाल्या. धाकटीनं एकच विचारलं, "बाळाला उचललं तर चालेल?"

"बाळाला नाही उचलणार, तर कोणाला उचलणार? चादरी नको."

सासूबाई कितीतरी वेळ बाळाचं दुपटं नीट करत बसल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "आणि जुनं असेल तर? माझ्या थोरल्याच्या वेळचं?"

डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या टेबलाकडे हात केला. सासूबाई उठल्या, पण बाळ कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. धाकटीनं हात पुढे केले. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाळ तिला दिलं.

बायांनो, खाली जड वाटतं, गोळा लागतो, खोकताना थेंब सुटतात, आडवं झालं की बरं वाटतं, तर हे कोणाचं येणं नाही आणि कोणाचा कोपही नाही. आजार आहे, त्यावर उपचार आहे. डॉक्टरकडे जा आणि शब्द पूर्ण बोला. लाजेनं अर्धा गिळलात, तर उरलेला अर्धा भलताच कोणी आपल्या सोयीनं पूर्ण करतो.