एकवीस प्रश्नचिन्हं

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम मधुवंतीनं एकटीनं लिहिला होता. सगळा इंग्रजीत, फक्त पहिल्या ओळीत हौसेनं स्वतःचं नाव मराठीत. पण टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्या नावाच्या जागी एकवीस प्रश्नचिन्हं दिसायची.

"टर्मिनलला मराठी येत न्हाय," सर्व्हर सांभाळणारा शार्दूल म्हणायचा. "चिन्हं दिसली म्हणून काय झालं? आत तुझंच नाव हाय की!"

रोज एका डब्यात जेवणारा माणूस. तिनं विश्वास ठेवला.

आज तो जोतिबाला गेलेला. ती सेटिंगमध्ये शिरली, भाषा मराठी केली, अक्षरांसाठी यूटीएफ-८ निवडलं आणि खिडकी पुन्हा उघडली. पाच मिनिटांचं काम! प्रश्नचिन्हं गेली, स्वच्छ अक्षरं उमटली.

शार्दूल.

प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला मशीन तीन-तीन चिन्हं मोजायचं, आणि ह्या नावाचीही एकवीसच होत होती. म्हणून तर दोन वर्षं तिला पत्ता लागला नव्हता. मेल्याचं नावसुद्धा तिच्याच मापाचं निघालं!

तेवढ्यात त्याचा फोन आला. मागं हलगी वाजत होती.

"मधे, तुझ्या नावानंबी नारळ फोडला बघ!"

"व्हय?" ती म्हणाली. "नारळ तरी माझ्याच नावानं फोडलास न्हवं?"