जिताड्याचा खवला

निशाने स्पर्धेतून परत मिळालेल्या आपल्या कथेची शेवटची दोन पाने नखाने सोडवून पाहिली, पण ती हलेनात. उजेडाकडे धरल्यावर मध्ये रुपयाएवढा खवला दिसला. जिताडा माशाचा. घरात लिहायला जागा एकच, आईच्या मासळीच्या पाटाशेजारी. तिथूनच तो उडून पानांत बसला असणार आणि वाळून डिंकासारखा धरला असणार.

म्हणजे शेवट कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. आणि पहिल्या पानावर परीक्षक कृष्णकांत सरांच्या हिरव्या शाईत लिहिले होते : ‘शेवट काळजाला भिडला. लिहीत राहा.’

पनवेलच्या ह्या वाचनालयाच्या कथास्पर्धेत सलग तिसऱ्या वर्षी तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. दर वर्षी तेच दोन शब्द : लिहीत राहा. त्यांच्या जिवावर तिने उलव्यातल्या बिल्डरच्या ऑफिसात मिळणारी बढती सोडली होती. बढती घेतली की लिहायचे रविवार जाणार होते.

सर शाल सावरत खुर्च्यांमधून आले.

“काय निशा, खूश ना? तुझ्या बोलीचा गोडवा काही औरच! आणि तो शेवट!”

“सर, शेवटी ती बाई काय करते?”

सर प्रसन्न हसले. “अगं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. तेच तर तुझ्या कथेचं बळ आहे.”

तिने वाकून नमस्कार केला. सवयच होती. मग स्वतःचाच राग आला.

घरी तिची आई रंभा नुकतीच बाजारातून येऊन पाय धूत होती.

“मिलाला का काय?”

“मिलाला. उत्तेजनार्थ.”

“म्हंजे?”

“म्हंजे पुढल्या वर्षी परत ये.” निशाने कथा आणि प्रशस्तिपत्रक असलेले पाकीट कोपऱ्यात भिरकावले. “आता बस झाला, आई. सोमवारी सायबांना सांगते, रविवारी पन येते.”

रंभाने पाकीट उचलले, पाने चाचपली. काही न विचारता ओल्या बोटांनी कड भिजवली आणि अलगद खवला काढला. चार-सहा अक्षरे गेली.

“वाच. तीन वर्सं लिवतेस, मला कवा ऐकवला नाय.”

ऐकवणार कशी? कथा आईचीच होती. नवरा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी बाजारात बसलेल्या कोळणीची. निशाने वाचली. शेवटी कोळीण पाटीत तोंड लपवून हमसून हमसून रडते.

रंभा म्हणाली, “ह्यो शेवट खोटा हाय.”

“खोटा?”

“मी रडली नाय त्या दिवशी. गिऱ्हाईक भाव पाडत व्हता. बोलला, तुझा नवरा गेला, आता कोनासाठी एवढा तानतेस? लोक हसले. मी पन हसली.”

निशाला ते झोंबले. तीन वर्षांत तिच्या लिहिण्याला कुणी खोटे म्हटले नव्हते. कुणी तेवढे ऐकलेच नव्हते.

“मग? मग काय केलास?”

“लिवनार असशील तर सांगते.”

घरात दुसरा कागद नव्हता असे नाही. निशाने प्रशस्तिपत्रक पालथे करून मांडीवर घेतले आणि पेनाचे टोपण काढले.

“गिऱ्हाईक कोन व्हता, तिथून सांग.”