अंत्युखियाची गादी

"कबर कुणाच्या सांगण्यावरून खांदली?" बुटवाल्या फादरनी विचारलं.

"मेलेल्या बाईच्या," फकिरा म्हणाला आणि फावड्याला चिकटलेली माती विटेच्या तुकड्याने खरवडत राहिला.

फादर दोन होते. दोघांच्या दाढ्या छातीपर्यंत, दोघांचे झगे काळे, दोघंही केरळचे, आणि वाळूजच्या कारखान्यांतली मल्याळी ख्रिस्ती बिऱ्हाडं दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतलेली. मिशनच्या कब्रस्तानाचा राखणदार फकिरा त्यांना पायांवरून ओळखायचा: एक बुटवाले, एक चपलावाले. बुटवाल्यांचं म्हणणं, प्रार्थनेत परदेशातल्या अंत्युखिया शहराच्या कुलपित्याचं नाव आधी आलं पाहिजे; पेत्र प्रेषिताची ती गादी. चपलावाल्यांचं म्हणणं, आमची गादी थोमा प्रेषिताची, केरळातलीच. परदेशी धन्याचं नाव घेतील त्यांचा पाद्री कबरीपाशी नको. या वादात अन्नम्मा सिस्टर शववाहिकेत पेटीत पडून होती. एप्रिलची दुपार. पेटीखालच्या बर्फाचं पाणी गाडीतून ठिबकत होतं.

अन्नम्मा पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी या शहरात आली, विशीची पोर. बाळंतिणींच्या वॉर्डात तिने सदतीस वर्षं काढली. लग्न नाही, गोतावळा नाही. पुढे वाळूजला कारखाने आले, गाववाले आले, मागोमाग त्यांचे गट आले. ही दोन्हीकडे जायची. पण तिचा जीव रमायचा तो मिशनच्या कंपाउंडातल्या मराठी कीर्तनात. कीर्तन फकिराच्या बापाचं, बापामागं फकिराचं. उधळ्या पुत्राची कथा लागली की सिस्टर पुढे बसून टाळी धरायची, आणि म्हातारा बाप घरी परतलेल्या पोराकडे धावत सुटला की दर खेपेला पदर डोळ्यांना लावायची. गेल्या महिन्यात खाटेवरून म्हणाली होती, "फकिरा, मला कीर्तनानं माती दे. आमचे लोक नावावरून भांडतील. तू वेळेत उरक, वास यायच्या आत." नर्सच ती, असलं काही बोलताना आडपडदा ठेवायची नाही.

"सिस्टरचं नाव आमच्या रजिस्टरात आहे," चपलावाले म्हणाले.

"बाप्तिस्मा आमच्या देवळात झाला."

"तेव्हा देऊळ एकच होतं."

"होतं ना. आणि गादी अंत्युखियाचीच होती."

फकिराला राहवलं नाही. "फादर, एक इचारू? त्या गादीवर बसतं कोण?"

बुटवाल्यांची मान ताठ झाली. "आमचे कुलपिता. दमास्कसला असतात."

"ते एकलेच का आणखी कोणी हक्क सांगतं?"

चपलावाल्यांना चेव आला. "सांगतात की. एकूण पाच जण आहेत."

"अन् पाचातला अंत्युखियात कोण ऱ्हातो?"

"एकही नाही," चपलावाले हसले.

"म्हंजी गाव सोडलेले पाच पाटील, अन् पाटीलकीचं भांडण आमच्या कब्रस्तानात," फकिरा म्हणाला. "तुमी नका हसू फादर. तुमचा थोमा खात्रीपुरतं परभूच्या जखमेत बोट घालून गप झाला. तुमी अजून बोट काढंना."

शववाहिकेचा ड्रायव्हर बद्रीनाथ स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. सिस्टरच्या वॉर्डातली आया ताहेरा पेटीवरच्या माश्या पुठ्ठ्याने हाकत होती. तिला हसू आलं नाही. "चाचा, इन्को बोलो ना जल्दी. बाईला कवापासून उनात ठिवलंय."

शेवटी ठरलं, केरळात आपापल्या बिशपांना फोन लावायचा. एसटीडी बूथ रस्त्यापलीकडे होता. पण बुटवाले एकटे जाऊन काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून चपलावाले निघाले. चपलावाले फोनवर काय ऐकल्याचं सांगतील याचाही नाही, म्हणून साक्षीला दोन्हीकडचे बाप्ये निघाले. बाप्ये चालले म्हणून बायका. या मल्याळी लोकांत माती लोटण्याआधी नात्यातल्याने मयताचं तोंड पांढऱ्या कापडाने झाकायची रीत. दोन्ही फादरांनी आपापलं कापड आणलं होतं. जाताना दोघांनीही ते आठवणीने काखेत मारलं. दुसऱ्याचं कापड पडलं तर गादी बुडायची.

चाळीस माणसं आली होती, आणि मयतापाशी थांबायला त्यातलं एक नाही. फकिराला शास्त्रातली गोष्ट आठवली. हेरोद राजा एवढा पापी. पण योहानाचं शिर उडवल्यावर त्यानेसुद्धा धड शिष्यांना मुकाट्याने नेऊ दिलं होतं.

"बद्रीनाथ, पेटीला हात लाव."

"फकिराभाऊ, तुला पाद्र्याचा हक नाय. मिशनवाले कामावरून काढतील. ऱ्हाती खोली बी जाईल."

"व्हय. जाईल."

बद्रीनाथ उतरला. खोदकामावरचा मजूर कडूबा आला. चौथ्या कोपऱ्याला ताहेराने हात घातला. पेटी कबरीच्या काठाशी टेकली आणि फकिराने कानावर हात ठेवून सूर लावला. तीन माणसांपुढे त्याने उधळ्या पुत्राची कथा मांडली, काहीएक न गाळता. बाप धावला तिथं स्वतःही दोन पावलं धावला. टाळी द्यायला पुढे कोणी नव्हतं, म्हणून कडूबाने भीत भीत धरली. शेवटचं पद फकिराने तिथल्या तिथं जुळवलं:

कष्टली ही काया, निजे तुझ्या पाया,
ख्रिस्तराया माया, करी आता.

झाकण उघडलं. सिस्टरचं तोंड उन्हात आलं तसा तो अडखळला. "कापड पायजे. नात्यातल्यानं झाकायचं असतंय." त्याने आपला गमछा पाहिला, घाम आणि चिखल.

ताहेराने डोक्यावरची ओढणी उतरवली, झटकली, दुहेरी केली.

"तू नात्यातली कशी गं, ताहेरा?"

"मेरे दोनों बच्चे इनोंच निकाले, चाचा." तिने वाकून ओढणी सिस्टरच्या तोंडावर पसरली आणि कडा हनुवटीखाली नीट खोचली, वॉर्डात चादर खोचावी तशी.

मूठमाती झाली, मग फावडी. ढिगारा थापून होईतो मंडळी फाटकाशी परतली. बुटवाल्यांना लाईन मिळाली नव्हती. चपलावाल्यांचे बिशप वामकुक्षीत होते. ओली माती पाहून पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले.

"हे कुणाच्या परवानगीनं?" बुटवाले म्हणाले. त्यांना पुस्ती जोडायला पहिल्यांदाच चपलावाले पुढे झाले.

फकिरा फावड्याची माती विटेच्या तुकड्याने खरवडू लागला.

ताहेराची चारची ड्यूटी होती. हातांची माती चोळत ती उघड्या डोक्याने भर उन्हात फाटकाकडे निघाली. काळे झगे आणि पांढरे सदरे दोन्ही अंगांना सरकले, आणि ती मधून चालत गेली.